शिकागोमध्ये बाल न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी आणि तेथील वास्तव्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून एम.बी.बी.एस. किंवा बालरोगशास्त्रातील एम.डी. करून अमेरिकेत बाल न्यूरॉलॉजीचे (मुलांच्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचे) प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, घेऊ इच्छिणारे डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रशिक्षणाचे नियम अमेरिकाभर सारखेच असल्यामुळे ती उत्तरे कोठेही लागू पडतील. राहण्याविषयीची उत्तरे मात्र केवळ शिकागोपुरती आहेत. व्हिसा आणि शुल्क यांचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी ते अधिकृत ठिकाणी पडताळून घ्यावेत.

हे प्रशिक्षण किती वर्षांचे असते?

एकूण पाच वर्षांचे. सर्वांत रुळलेल्या मार्गात पहिली दोन वर्षे बालरोगशास्त्राची आणि पुढची तीन न्यूरॉलॉजीची असतात. या तीन वर्षांपैकी बारा महिने प्रौढांच्या न्यूरॉलॉजीत, साधारण तेवढेच लहान मुलांच्या न्यूरॉलॉजीत आणि उरलेला काळ ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख), बालमानसोपचार, मज्जासंस्थेचे विकृतिशास्त्र, जनुकीय आजार, संशोधन अशा विषयांत जातो. शेवटी मिळणारे बोर्डाचे प्रमाणपत्र 'न्यूरॉलॉजी, बाल न्यूरॉलॉजीतील विशेष पात्रतेसह' असे असते. पहिल्या दोन वर्षांपैकी एक वर्ष संशोधनात किंवा प्रौढांच्या वैद्यकशास्त्रात घालवण्याचे मार्गही आहेत, पण ते क्वचित वापरले जातात.

मुलांचाच डॉक्टर व्हायचे असताना मोठ्यांच्या न्यूरॉलॉजीत पूर्ण वर्ष कशासाठी?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक उमेदवार विचारतो आणि त्यामागची नाराजी समजण्यासारखी आहे. बालरोग विभागात दोन वर्षे काढून वरिष्ठ झालेला रेसिडेंट अचानक अर्धांगवायूच्या रुग्णाजवळ उभा राहतो, घड्याळाकडे पाहत रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा निर्णय घेतो आणि आपण पुन्हा पहिल्या वर्षात आलो आहोत असे त्याला वाटते. तरीही माझ्या मते पाच वर्षांतील सर्वांत उपयोगी वर्ष हेच आहे. मेंदूतील बिघाड नेमका कोठे आहे हे केवळ तपासणीवरून सांगण्याची सवय प्रौढ रुग्णांवरच लागते. सहा महिन्यांचे बाळ 'डोळे मिट, हात पुढे कर, बोट नाकाला लाव' या सूचना पाळत नाही. शिवाय मुलांमध्येही पक्षाघात होतो, आणि त्या रात्री हा अनुभवच कामी येतो. कार्यक्रम निवडताना हे वर्ष सलग एकाच वेळी घेतात की तीन वर्षांत विभागून देतात, एवढे मात्र जरूर विचारावे, कारण त्यावर कामाचा ताण बराच अवलंबून असतो.

भारतात बालरोगशास्त्राचे एम.डी. झाले आहे. पहिली दोन वर्षे माफ होतात का?

आपोआप होत नाहीत. ही गोष्ट मनाला लागते, पण ती आधीच स्वीकारलेली बरी. ज्याने नवजात अतिदक्षता विभागात रात्री एकट्याने सांभाळल्या आहेत, त्याला पुन्हा इंटर्न (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) म्हणून डिस्चार्जचे कागद लिहावे लागतात. भारतातील अनुभवाचे चीज मात्र होतेच. क्षयाचा मेंदूज्वर, जपानी मेंदूज्वर, गोवरानंतर काही वर्षांनी उद्भवणारा मेंदूविकार हे आजार तेथील बहुतेक रेसिडेंटांनी पुस्तकातच पाहिलेले असतात. मेंदूतील फीतकृमीच्या गाठी शिकागोत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांत आढळतात, आणि स्कॅनवर दिसणारी त्यांची कड्यासारखी खूण सर्वांत आधी ओळखणारा डॉक्टर अनेकदा आपल्याकडचा असतो.

जागांचे प्रकार कोणते आणि अर्ज कसा करायचा?

अर्ज ईआरएएस या संगणकीय प्रणालीतून होतात आणि निवड एनआरएमपी या संस्थेच्या 'मॅच'मधून, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालये यांच्या पसंतीक्रमांच्या जुळणीतून, होते. पाचही वर्षांची एकत्रित जागा 'कॅटेगॉरिकल' म्हणून ओळखली जाते. 'ॲडव्हान्स्ड' जागा न्यूरॉलॉजीच्या तीन वर्षांपुरती असते आणि बालरोगाची सोय उमेदवाराने स्वतंत्रपणे करायची असते. आधीच अमेरिकेत बालरोगाचे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी काही राखीव जागा असतात आणि त्या त्याच वर्षी सुरू होतात. परदेशातून येणाऱ्याने शक्यतो पहिल्या प्रकारावर भर द्यावा, कारण दोन ठिकाणी जागा, दोन शहरे आणि मधे व्हिसाची बदली हा खटाटोप कोणालाही नकोसा होतो.

अर्ज सप्टेंबरमध्ये जातात, मुलाखती हिवाळ्याभर, आता बहुतांशी व्हिडिओवर, चालतात आणि निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातील शुक्रवारी लागतो. प्रशिक्षण जुलैच्या सुरुवातीस सुरू होते, म्हणजे निकालापासून रुजू होईपर्यंत जेमतेम तीन महिने हाती असतात आणि व्हिसा, परवाना व घर हे सर्व त्यातच उरकावे लागते.

कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात?

यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेची पहिली पायरी आणि दुसऱ्या पायरीची सीके (वैद्यकीय ज्ञानाची) परीक्षा. पहिल्या परीक्षेचा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे दुसरीच्या गुणांचे वजन वाढले आहे. रुग्णासमोर घेतली जाणारी जुनी कौशल्यपरीक्षा २०२१ मध्ये बंद झाली. तिच्या जागी परदेशी पदवीधरांना प्रमाणपत्र देणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेने ठरवलेल्या मार्गांपैकी एक मार्ग आणि डॉक्टरांसाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आहे. तिसरी पायरी रेसिडेन्सीत असताना दिली तरी चालते, मात्र एच-१बी (नोकरीचा) व्हिसा हवा असेल तर ती आधीच उत्तीर्ण असावी लागते.

जे-१ घ्यावा की एच-१बी?

या प्रश्नाचे उत्तर स्वभावावर कमी आणि बेरजेवर अधिक अवलंबून आहे. वैद्यकीय प्रशिक्षणासाठीच्या जे-१ व्हिसाची कमाल मर्यादा सामान्यतः सात वर्षे आहे. बाल न्यूरॉलॉजीची पाच वर्षे वजा केली की दोन उरतात. त्यांत अपस्माराची एक वर्षाची फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचे विशेष प्रशिक्षण) सहज बसते, दोन वर्षांची फेलोशिपही बसते, पण त्यापलीकडे काही उरत नाही. एखाद्याने आधी बालरोगाची तीन वर्षे पूर्ण केली आणि मग न्यूरॉलॉजीकडे वळला, तर सहा वर्षे तेथेच संपतात आणि फेलोशिपसाठी एकच वर्ष शिल्लक राहते. एच-१बीची मर्यादा सहा वर्षांची असल्यामुळे तेथे पाच अधिक एक एवढाच हिशेब जमतो. त्यातच सप्टेंबर २०२५ मधील घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, त्यामुळे हा मार्ग देणारी रुग्णालये मुळात थोडी होती, ती आणखी हात आखडता घेतात.

जे-१ साठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते. ते मिळवण्यात आठवडे जातात, म्हणून मार्चमध्ये निकाल लागताच पहिला अर्ज त्याचाच करावा. जे-१ ची मोठी अट अशी की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या बोलीवर सूट मिळवावी लागते. प्रत्येक राज्याला अशी सूट देण्याच्या दरवर्षी ३० जागा असतात. बाल न्यूरॉलॉजिस्ट बहुतेक सगळीकडेच कमी असल्यामुळे या शाखेच्या डॉक्टरांना अशी नोकरी मिळणे तुलनेने सोपे जाते. ती शिकागोतच मिळेल असे मात्र गृहीत धरू नये.

जोडीदाराच्या दृष्टीने पाहिले तर जे-१ धारकाच्या पती किंवा पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. एच-१बी धारकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डची प्रक्रिया बरीच पुढे गेल्याशिवाय तो मिळत नाही. दोघांपैकी एकाने पाच वर्षे घरी बसणे ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि व्हिसाच्या चर्चेत ती शेवटी नव्हे तर सुरुवातीलाच यावी.

रोजच्या कामात प्रत्यक्ष काय असते?

बाह्यरुग्ण विभागात अपस्मार, डोकेदुखी, उशिरा बोलणे किंवा उशिरा चालणे, टिक्स (डोळे मिचकावण्यासारख्या नकळत होणाऱ्या हालचाली) आणि स्नायूंचे आजार यांची गर्दी असते. वॉर्डात आणि अतिदक्षता विभागांत इतर विभागांकडून सल्ला मागितला जातो : पाच मिनिटांनंतरही न थांबणारी आकडी, शुद्ध हरपलेले मूल, अचानक पाय लुळे पडलेली शाळकरी मुलगी, काही दिवसांत स्वभाव पार बदललेला किशोर ज्याच्या रक्तात आणि पाठीच्या पाण्यात स्वतःच्याच मेंदूविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. जन्मतः गुदमरलेल्या बाळाला पहिल्या सहा तासांत थंड करून ७२ तास सुमारे ३३.५ अंशांवर ठेवतात, आणि त्या काळात ईईजीचा पडदा वाचत बसणे हे रेसिडेंटचे काम असते.

ही शाखा पूर्वी 'निदान सुरेख, उपचार काही नाही' अशी हिणवली जात असे. आता ते खरे राहिलेले नाही. मज्जारज्जूतील पेशी झिजवणाऱ्या एसएमए या आजारात पूर्वी तीव्र प्रकारची बाळे बहुधा दोन वर्षांची होण्याआधीच दगावत. डिसेंबर २०१६ मध्ये नुसिनर्सेनला आणि मे २०१९ मध्ये जनुकीय उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये नवजात बालकांची या आजारासाठी चाचणी होते, त्यामुळे लक्षणे दिसण्यापूर्वीच उपचार सुरू झालेली मुले क्लिनिकमध्ये स्वतःच्या पायांनी चालत येतात. असे असले तरी दिवसाचा मोठा भाग औषधात नव्हे तर बोलण्यात जातो. मूल बोलेल का, शाळेत जाईल का, पुढच्या बाळालाही हेच होईल का, या प्रश्नांना आईवडिलांसमोर बसून, घाई न करता उत्तरे द्यावी लागतात. ज्याला हे कंटाळवाणे वाटते, त्याने ईईजी कितीही आवडत असला तरी या शाखेत येऊ नये.

कामाचे तास आणि रात्रपाळ्या कशा असतात?

नियमाने चार आठवड्यांच्या सरासरीत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, सात दिवसांत सरासरी एक दिवस पूर्ण सुटी आहे आणि सलग काम २४ तासांहून अधिक नसते. त्यापुढे रुग्ण दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी चार तासांपर्यंत मुभा असते. आपल्याकडील निवासी डॉक्टरांना हे आकडे सुखाचे वाटतील, पण त्या तासांत नोंदी लिहिण्याचे काम प्रचंड असते आणि ते बरेचदा घरी येते. मुलाखतीत 'कॉल (रात्रीच्या ड्यूट्या) किती?' एवढेच विचारून थांबू नये. रात्री रेसिडेंट रुग्णालयात राहतो की घरून फोनवर उत्तरे देतो, किती रुग्णालये एकाच वेळी सांभाळतो आणि घरून उत्तरे देऊन जागरण झाल्यावर सकाळची ओपीडी सुटते का, हे तीन प्रश्न सध्याच्या रेसिडेंटांना एकांतात विचारावेत.

शिकागोच का?

इतर शहरांतही उत्तम कार्यक्रम आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. तरीही या शाखेच्या इतिहासात शिकागोचे स्थान मोठे आहे. बाळांच्या झटक्यांच्या एका आजारात ईईजीवर जो सगळा गोंधळ दिसतो, त्याला हिप्सॲरिद्मिया हे नाव दिले ते फ्रेडरिक आणि एर्ना गिब्ज या दांपत्याने, इलिनॉय विद्यापीठात काम करताना, १९५२ मध्ये. शिकागो विद्यापीठात पीटर हुटेनलोकर यांनी मृत बालकांच्या मेंदूतील चेतापेशींचे जोड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले आणि ते लहानपणी प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक असून पुढे छाटले जातात, हे १९७९ च्या लेखात दाखवले. बालवयात मेंदूला इजा होऊनही मूल सावरते, या आपल्या रोजच्या आश्वासनामागे ही मोजणी आहे. शिकागोतीलच रश वैद्यकीय केंद्रात फ्रँक मॉरेल यांनी, अपस्माराचा भाग कापून काढता येत नाही अशा ठिकाणी केवळ आडवे तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया विकसित केली.

आज शहरात लुरी बालरुग्णालय आणि शिकागो विद्यापीठाचे कोमर बालरुग्णालय ही मुलांची मोठी रुग्णालये आहेत. लुरीची मूळ संस्था १८८२ ची आणि सध्याची इमारत २०१२ ची, मिशिगन तळ्याच्या जवळच, स्ट्रीटरव्हिल भागात आहे. कोमर २००५ पासून दक्षिणेकडील हाइड पार्कमध्ये आहे. रश, इलिनॉय विद्यापीठ आणि काउंटीचे सार्वजनिक रुग्णालय पश्चिमेकडील वैद्यकीय वसाहतीत एकमेकांना लागून आहेत.

घर कोठे घ्यावे?

रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत, निदान पहिली दोन वर्षे तरी. मराठी ओळखीचे लोक बहुधा नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा या उपनगरांत राहतात आणि 'इकडेच या, घर मोठे मिळेल' असा प्रेमाचा आग्रह धरतात. तो नम्रपणे टाळावा. २४ तासांच्या ड्यूटीनंतर बर्फात तासभर गाडी चालवणे धोक्याचे आहे. लुरीजवळ एका बेडरूमचे घर महिना २००० डॉलरच्या वर जाते. 'एल' या शहरी रेल्वेच्या रेड लाइनवर उत्तरेकडे लेकव्ह्यू, अपटाउन, एजवॉटर असे सरकत गेले की भाडे उतरते. हाइड पार्क त्या मानाने स्वस्त, झाडांचा आणि पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे, पण शहराच्या मध्यभागी यायला मेट्रा या उपनगरी गाडीच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

भाड्याच्या घरासाठी क्रेडिटचा इतिहास (आधीची उधारी कशी फेडली याची नोंद) मागतात आणि नवागताकडे तो नसतो. मॅचचे पत्र, रुग्णालयाचा पगाराचा करार आणि अधिक अनामत यांवर बहुतेक घरमालक तयार होतात. घर न पाहता पैसे पाठवण्याची मागणी आली तर ती फसवणूक समजावी.

पगार पुरतो का?

एकट्याला पुरतो, एका पगारावर मूल असलेल्या कुटुंबाला ओढाताण होते. शिकागोत पहिल्या वर्षाचा पगार साधारण सत्तर हजार डॉलरच्या आसपास असतो आणि दरवर्षी थोडा वाढतो. इलिनॉयचा आयकर सरसकट ४.९५ टक्के, केंद्राचा वेगळा. जे-१ धारकांना पहिली दोन कॅलेंडर वर्षे सामान्यतः सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी निवृत्तिवेतन व आरोग्य विमा योजनांची कपात लागू नसते. ती चुकून कापली गेली तर लगेच वेतन विभागाच्या लक्षात आणून द्यावे. सर्वांत मोठा खर्च पाळणाघराचा असतो आणि तो भाड्याच्या जवळ जातो.

गाडी लागते का?

शहरात राहिल्यास पहिली एक-दोन वर्षे नाही. 'एल'च्या रेड आणि ब्लू या लाइन चोवीस तास चालतात, ब्लू लाइन थेट ओहेअर विमानतळाला जाते. रात्री उशिरा डब्यात सावध राहावे, शक्यतो चालकाजवळच्या डब्यात बसावे. प्रशिक्षणातील काही महिने दूरच्या रुग्णालयात असतील तर मात्र गाडीवाचून निभावत नाही. हे मुलाखतीतच विचारावे.

थंडी खरोखरच इतकी असते का?

असते. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या चार-पाच अंश खाली असते, आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस पारा उणे ३१ सेल्सिअसपर्यंत गेला होता. त्याहून जाच होतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंधारात जाऊन अंधारात परतण्याचा. जाड कोट भारतातून आणू नये, तेथेच घ्यावा. पैसे खरे तर बुटांवर खर्च करावेत. शहराच्या नियमानुसार १५ सप्टेंबर ते १ जूनपर्यंत, गरमीची यंत्रणा घरमालकाच्या ताब्यात असेल तर, घर दिवसा किमान २० आणि रात्री सुमारे १९ अंशांवर ठेवणे त्याला बंधनकारक आहे. तसे होत नसेल तर शहराच्या ३११ या फोन क्रमांकावर तक्रार करता येते. उन्हाळा मात्र सगळे व्याज फेडतो. तळ्याकाठची सुमारे २९ किलोमीटरची वाट सायकलींनी आणि चालणाऱ्यांनी भरून जाते.

स्पॅनिश यावी लागते का?

अट नाही, पण थोडी आली तर आईबापांचा चेहरा खुलतो. निदान किंवा शस्त्रक्रियेसारख्या गोष्टी मात्र रुग्णालयाच्या दुभाष्याकरवीच सांगाव्या लागतात. दहा वर्षांच्या भावाला मधे घालून धाकटीच्या अपस्माराविषयी बोलणे तेथे अयोग्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे. शिकागोत पोलिश बोलणारी कुटुंबेही बरीच आहेत. मराठी किंवा हिंदी बोलणारे कुटुंब आले तरी भाषेच्या परीक्षेशिवाय स्वतःच दुभाषी होण्याची परवानगी अनेक रुग्णालये देत नाहीत.

मराठी वातावरण आणि किराणा मिळतो का?

उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये शिकागोतच स्थापन झाले, आणि महाराष्ट्र मंडळ शिकागोचे गणेशोत्सव, दिवाळी आणि नाटकांचे कार्यक्रम नियमित होतात. बहुतेक उपनगरांत, त्यामुळे कोणाच्या तरी गाडीत जागा मिळवावी लागते. किराण्यासाठी डेव्हॉन ॲव्हेन्यू आहे. पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ मध्ये तेथेच उघडले. पोहे, ज्वारीचे पीठ, गोडा मसाला सगळे मिळते.

प्रशिक्षणानंतर भारतात परतल्यास ही पदवी चालते का?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील पदव्युत्तर पात्रतांना भारतात मान्यता देण्याची तरतूद आहे. नोंदणीची कागदपत्रे मात्र वेळ खातात. खरा प्रश्न कागदांचा नाही. तेथे शिकलेले सगळे येथे जसेच्या तसे चालत नाही. गुदमरलेल्या बाळांना थंड करण्याचा जो उपचार शिकागोत डोळे मिटून सुरू होतो, त्याचीच भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत हेलिक्स या अभ्यासात चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. परतणाऱ्याने असे विषय प्रशिक्षणातच हेरून ठेवावेत, आणि ऐच्छिक महिन्यांत महागड्या जनुकीय उपचारांपेक्षा ईईजी वाचन, किटोजेनिक (अपस्मारासाठीचा स्निग्धपदार्थप्रधान) आहार आणि सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेल्या) मुलांचे पुनर्वसन यांना अधिक वेळ द्यावा.

आईवडिलांना कधी बोलवावे?

अभ्यागत व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. मे ते सप्टेंबर हा काळ त्यांच्यासाठी बरा. थंडीत त्यांना घराबाहेर पडता येत नाही आणि तुम्ही तर दिवसभर रुग्णालयात. त्यांचा आरोग्य विमा निघण्यापूर्वी काढावा, त्यात आधीपासूनचे आजार किती धरले आहेत ते वाचून घ्यावे आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे पूर्ण मुक्कामापुरती चिठ्ठीसह आणायला सांगावी. जुलैत तुम्ही स्वतः नवे असाल, तर पहिल्या वर्षी त्यांना न बोलावता दुसऱ्या उन्हाळ्यात, रजेचे वेळापत्रक हाती आल्यावर तिकिटे काढावीत. तोपर्यंत फोनच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात : उन्हाळ्यात शिकागो भारताच्या साडेदहा तास मागे असते, हिवाळ्यात साडेअकरा, त्यामुळे सकाळी रुग्णालयाकडे चालताना केलेला फोन घरी संध्याकाळच्या चहाच्या वेळी पोहोचतो.